सारख्याच आयपी पत्त्यांच्या नेटवर्कांची जोडणी

दोन वेगळ्या लोकल नेटवर्कांत तेच आयपी पत्ते वापरात असूनही त्यांतील उपकरणांचा एकमेकांशी संपर्क व्हावा, यासाठी केलेली व्यवस्था. दोन कार्यालये व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या खाजगी ‘बोगद्या’ने, जोडताना किंवा कंपन्यांच्या विलीनीकरणानंतर तिची गरज हमखास पडते.

फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजाने १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ हे तीन पट्टे खाजगी वापरासाठी मोकळे ठेवले (तिरक्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे पत्त्याचे सुरुवातीचे किती बिट ठरलेले आहेत ते). सगळे मिळून सुमारे १ कोटी ७९ लाख पत्ते, आणि ते वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. पुढे नेटवर्के जोडायची वेळ आली तर टक्कर होईल, म्हणून पट्टा यादृच्छिक निवडावा, असे त्याच दस्तऐवजात बजावले आहे. दुर्दैवाने हा सल्ला फारसा कोणी पाळत नाही. बहुतेक घरगुती राउटर १९२.१६८.०.० किंवा १९२.१६८.१.० लावूनच येतात आणि तेच कायम राहते.

समजा, पहिल्या नेटवर्कातल्या १९२.१६८.१.२० या संगणकाला दुसऱ्या नेटवर्कातल्या १९२.१६८.१.५० या प्रिंटरवर छपाई करायची आहे. सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्काचा, ते सांगणारा आकडा) पाहून संगणक ठरवतो की हा पत्ता आपल्याच नेटवर्कातला आहे. मग तो गेटवेकडे, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरकडे, जातच नाही, ‘.५० कोण?’ अशी एआरपी हाक (पत्त्यावरून उपकरण शोधणारा संदेश) आपल्याच नेटवर्कात देतो. उत्तर येत नाही, किंवा तिथलेच भलते उपकरण ओ देते. बोगदा मात्र चालू दिसतो, म्हणून लोक तासन्‌तास व्हीपीएनमध्येच दोष शोधत बसतात.

यावरचा रूढ उपाय म्हणजे दोन्ही नेटवर्कांना एकमेकांसाठी टोपणपत्ते देणे. पहिले दुसऱ्याला १०.५०.१.०/२४ म्हणून दिसेल, दुसरे पहिल्याला १०.६०.१.०/२४ म्हणून. संगणक आता १०.६०.१.५० ला पॅकेट पाठवतो. ते गेटवेकडे जाते. पहिला राउटर पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून १०.५०.१.२० करतो आणि दुसरा राउटर पोहोचायचा पत्ता १९२.१६८.१.५० करतो. शेवटचा आकडा तोच राहत असल्याने लक्षात ठेवणे सोपे जाते. लिनक्सच्या आयपीटेबल्स या पॅकेट हाताळणाऱ्या साधनामध्ये यासाठी नेटमॅप ही सोय आहे. एकाच राउटरवर दोन्ही पत्ते बदलले तर त्याला ट्वाइस नॅट म्हणतात (नॅट म्हणजे पॅकेटवरचा पत्ता बदलणे). फक्त प्रिंटरच्या बाजूला टोपणपत्ता देऊन भागत नाही: पॅकेट प्रिंटरपर्यंत पोहोचते, पण त्यावर पाठवणारा १९२.१६८.१.२० असतो, आणि प्रिंटर उत्तर स्वतःच्याच नेटवर्कात टाकतो.

नावाने संपर्क करायचा असेल तर डीएनएसनेही (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेनेही) टोपणपत्ताच सांगायला हवा. एफटीपी (फाइल पाठवण्यासाठी) आणि एसआयपी (इंटरनेट फोनसाठी) यांसारखे प्रोटोकॉल पत्ता मजकुरातच लिहून पाठवतात. राउटरने तोही बदलला नाही तर जोडणी अर्धवट राहते. इंटरनेट फोनवर घंटी वाजते पण आवाज येत नाही, याचे हे एक नेहमीचे कारण.

प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र आभासी पत्ता देणारी ओव्हरले नेटवर्के (आहे त्या नेटवर्कावर रचलेली आभासी नेटवर्के) हा दुसरा मार्ग. आयपीव्ही६ या आयपीच्या नव्या, लांब पत्त्यांच्या आवृत्तीमध्ये आरएफसी ४१९३ नुसार खाजगी उपसर्गात (पत्त्याच्या सुरुवातीच्या भागात) ४० बिटांचा यादृच्छिक आकडा असतो, त्यामुळे टक्कर जवळपास अशक्य होते.

नेटवर्क लहान असेल तर एका बाजूचे पत्ते सरळ बदलून टाकणे सर्वांत चांगले. डीएचसीपीवरची (राउटरकडून आपोआप पत्ता मिळणारी) उपकरणे नवा पत्ता आपोआप घेतात. हाताने पत्ता दिलेले प्रिंटर, कॅमेरे आणि सर्व्हर मात्र एकेक शोधून बदलावे लागतात.