९९ टक्के सारखे, पण कशाचे ९९ टक्के?

चिंपांझीशी आपला डीएनए ९९ टक्के जुळतो हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, आणि सख्ख्या भावाशी ५० टक्के जुळतो हेही, मग भावापेक्षा चिंपांझी जवळचा कसा? मुलं हा प्रश्न विचारतात आणि बरोबरच विचारतात, कारण दोन्हीकडे मोजलेली गोष्टच वेगळी आहे. भावाच्या बाबतीत हिशोब असा की आईवडिलांकडचे तेच ते तुकडे दोघांच्या वाट्याला किती आले, तर सरासरी निम्मे. डीएनएची अक्षरं (ए, टी, जी, सी) मोजायला बसलात तर जगातली कुठलीही दोन माणसं ९९.९ टक्क्यांच्या आसपास सारखीच निघतात.

चिंपांझीचा आकडा पक्का झाला २००५ मध्ये. क्लिंट नावाच्या एका चिंपांझीचा जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, वाचून माणसाच्या शेजारी ठेवला, आणि जिथे ओळीला ओळ लागत होती तिथे शंभरात साधारण १.२ अक्षरं वेगळी निघाली. ऐकायला किरकोळ वाटतं, पण जीनोमच ३०० कोटी अक्षरांचा, त्यामुळे ही झाली साडेतीन कोटी अक्षरं. आणि "जिथे ओळ लागत होती तिथे" ही अट फार महत्त्वाची, बातम्यांमध्ये नेमकी तीच गळते. कुठे अख्खा तुकडा गायब, कुठे जास्तीचा घुसलेला, कुठे एकाच जीनच्या (जनुकाच्या) दोन-चार कॉप्या, हे सगळं त्या १.२ मध्ये धरलेलंच नाही. २०२५ मध्ये चिंपांझी, गोरिला वगैरेंचे जीनोम टोकापासून टोकापर्यंत वाचलेले प्रसिद्ध झाले, त्यात असे धड न जुळणारे भाग धरले तर फरक दहा टक्क्यांच्या वर जातो. आधीचा आकडा त्यामुळे खोटा ठरत नाही, प्रश्न वेगळा विचारला की उत्तर वेगळं येणारच.

मला विचाराल तर किती फरक यापेक्षा तो कुठे आहे हे जास्त भारी आहे. १९७५ मध्येच मेरी-क्लेअर किंग आणि अ‍ॅलन विल्सन या शास्त्रज्ञांनी दाखवलं की माणूस आणि चिंपांझी यांची प्रथिनं जवळपास सारखीच आहेत, तेव्हा दोघांत दिसतो तो एवढा फरक मुख्यतः जीन कधी चालू होतात, किती वेळ चालतात यातून येत असणार. मिसळणाचा डबा एकच, पण काय आधी पडलं आणि किती पडलं यावर आमटी ठरते.

एचएआर१ नावाचा डीएनएचा तुकडा बघा, जेमतेम ११८ अक्षरांचा. कोंबडी आणि चिंपांझी यांचे पूर्वज वेगळे होऊन ३० कोटी वर्षं झाली तरी इथे त्यांच्यात फक्त २ अक्षरांचा फरक, इतका तो जपला गेलाय. आणि माणूस-चिंपांझी वेगळे होऊन साधारण ६०-७० लाख वर्षं, तेवढ्यात फरक १८ अक्षरांचा! गर्भातल्या बाळाच्या मेंदूचा बाहेरचा थर घडत असताना हा तुकडा तिथे चालू असतो. पण याच्यामुळेच माणूस हुशार झाला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, एकट्या तुकड्यावर एवढं ओझं टाकता येत नाही.

आणि चिंपांझी, गोरिला एका बाजूला अन् आपण दुसऱ्या बाजूला, ही विभागणी तर साफ चूक. चिंपांझी गोरिलापेक्षा आपल्याला जवळचा आहे. तरीसुद्धा २०१२ मध्ये गोरिलाचा जीनोम आला तेव्हा त्याच्या जवळपास ३० टक्के भागात हे नातं उलटंपालटं दिसलं, म्हणजे कुठे गोरिला आपल्याला जास्त जवळचा, कुठे चिंपांझीला. कारण तिघांच्या सामाईक पूर्वजांमध्ये एकेका जीनचे अनेक प्रकार फिरत होते, आणि फाटे फुटताना कुठला प्रकार कोणाकडे टिकला हे बऱ्याच ठिकाणी निव्वळ योगायोगावर ठरलं.