बरडावरचा मुरूम आणि मुरमातली माणसं

काळ्या मातीवर थेट रस्ता टिकत नाही, हे विदर्भातल्या कास्तकाराला कुणी शिकवावं लागत नाही. कपाशीला मानवणारी ही माती पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट नावाच्या चिकणखनिजाची रचना पातळ थरांची असते. या थरांमध्ये पाणी शिरलं की ते एकमेकांपासून दूर सरकतात, आणि पाणी गेलं की आक्रसतात. दरवर्षी अशी वरखाली होणारी जमीन डांबराला काय, सिमेंटलाही सुखानं राहू देत नाही. म्हणून रस्त्याखाली मुरूम टाकायचा.

मुरूम म्हणजे झिजून-कुजून भुसभुशीत झालेला काळा पाषाण. तो फुगत नाही, पाणी खाली जाऊ देतो आणि रोलरखाली छान दबतो. तो मिळतो गावाबाहेरच्या बरडावर, जिथं माती वीतभरही नाही, पीक येत नाही आणि गुरं चरतात. बहुतेक वेळा ही जमीन ई-क्लास, म्हणजे सरकारी. त्यामुळे जमिनीचा मोबदला देण्याची भानगड नाही आणि उभं पीक मोडल्याची ओरडही नाही. ठेकेदाराला यापेक्षा सोयीचं काय असणार?

अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी इथं राहणाऱ्यांनीही साधारण असाच विचार केला होता. वस्ती नदी-नाल्याच्या काठी, शेती काळ्या मातीत आणि मेलेल्यांची जागा बरडावर. पेरणीची जमीन कशाला अडवायची? इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली विदर्भातली शेकडो शिळावर्तुळं, म्हणजे दफनाच्या जागेभोवती गोल मांडलेले मोठे दगड, अशाच मुरमाड माळांवर उभी आहेत. नागपूरच्या काटोल रस्त्यालगतचं जुनापाणी, शिवाय माहूरझरी, टाकळघाट, नागपूर जिल्ह्यातलंच रायपूर, नायकुंड ही नावं पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना पाठ आहेत. एकट्या जुनापाणीत सुमारे तीनशे वर्तुळं आहेत आणि रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यांच्याबद्दल 1879 मध्येच लिहून ठेवलं होतं.

म्हणजे आपल्याला रस्त्यासाठी जी जमीन हवी, नेमकी तीच त्यांना दफनासाठी हवी होती. वारसा बुडाला की आपण धरणांकडे बोट दाखवतो. माझ्या मते विदर्भात त्याहून जास्त आणि त्याहून गुपचूप नुकसान मुरमाच्या खदानींनी होतं.

थोडा हिशेब करून बघू. साडेसात मीटर रुंदीच्या ग्रामीण रस्त्याला 30 सेंटिमीटर मुरमाचा थर धरला, तर एका किलोमीटरला 2,250 घनमीटर मुरूम लागतो. टिप्परच्या दोनशेच्या वर खेपा झाल्या. खदान दोन मीटर खोल नेली, तर तेवढ्यासाठी सुमारे 1,100 चौरस मीटर, म्हणजे पाव एकराहून थोडी जास्त जागा उकरावी लागते. पंधरा मीटर व्यासाचं शिळावर्तुळ साधारण 177 चौरस मीटर जागा व्यापतं. वर्तुळं दाटीनं असतील तर एक किलोमीटर रस्ता त्यातली पाच-सहा सहज गिळतो. आणि तालुक्यात पांदण रस्ते काही एक किलोमीटरचे नसतात.

शिळावर्तुळ वरून बघितलं तर त्यात फारसं काही वाटत नाही. काळ्या पाषाणाचे न घडवलेले मोठे गोटे गोल मांडलेले, मध्ये किंचित उंचवटा, त्यावर टाकळा आणि बोरीची झुडपं. गावात लोक त्यातले दोन-चार गोटे धुऱ्यावर नेऊन टाकतात, कुणाच्या घराच्या पायव्यात एखादा जातो. खरी गंमत आतल्या भरावात असते. गोट्यांच्या आत लहान दगड, मुरूम आणि मुद्दाम आणून टाकलेली चिकण माती असते, तिच्यातच मृताबरोबर ठेवलेल्या वस्तू: आतून काळी, बाहेरून लाल अशी मातीची भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, तांब्याच्या वस्तू, कार्नेलियन या लालसर दगडाचे मणी. माहूरझरीत घोड्याच्या डोक्यावर घालायचा तांब्याच्या पत्र्याचा साज मिळाला. विदर्भातल्या या कुऱ्हाडींची एक खूण अशी, की दांड्याला घट्ट बसवण्यासाठी त्यांच्यावर आडव्या लोखंडी पट्ट्या वळवलेल्या असतात. ज्या लोहारानं ही युक्ती काढली, त्याचं गिऱ्हाईक चोखंदळ असणार.

आता समजा जेसीबीच्या बकेटमध्ये अशी कुऱ्हाड आली आणि चांगल्या मनाच्या ड्रायव्हरनं ती बाजूला ठेवली. वारसा वाचला का? कुऱ्हाड वाचली. ती भांड्याच्या डावीकडे होती की हाडांच्या खाली, भरावाच्या कोणत्या थरात होती, तिच्यासोबत कोळशाचा तुकडा होता का, हे सगळं टिप्परमध्ये गेलं. संदर्भ तुटलेली वस्तू म्हणजे सातबारा हरवलेलं वावर. जमीन समोर आहे, पण कुणाची, कधीपासून, कशी आली, काहीच सांगता येत नाही.

हे भावनेपोटी म्हणत नाही, त्यामागे भौतिकशास्त्र आहे. लाकडी कोळशातल्या कार्बन-14 चं प्रमाण दर 5,730 वर्षांनी निम्मं होतं, म्हणून शिल्लक कार्बन मोजून वय काढता येतं. पण तो कोळसा दफनाच्या वेळचाच आहे, वरून पडलेला नाही, हे फक्त थर सांगू शकतो. दुसरी पद्धत आणखी नाजूक. जमिनीत पुरलेल्या क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार या खनिजांच्या कणांमध्ये आजूबाजूच्या नैसर्गिक किरणोत्सारामुळे इलेक्ट्रॉन अडकत जातात आणि काळाबरोबर त्यांची संख्या वाढते. कणांवर ऊन पडलं की हे सगळे इलेक्ट्रॉन सुटतात आणि मोजणी पुन्हा शून्यावर येते. वर्तुळातल्या एखाद्या मोठ्या गोट्याखालची माती ज्या दिवशी झाकली गेली, त्या दिवसापासून तिचं घड्याळ चालू आहे. म्हणून अभ्यासक अशा मातीचा नमुना बंद धातूच्या नळीत, काळ्या कापडाखाली किंवा रात्री घेतात. भर दुपारी जेसीबीनं गोटा उलथला, की अडीच हजार वर्षांचं घड्याळ काही मिनिटांत पुसलं जातं. कुठलंही संग्रहालय ते परत देऊ शकत नाही.

मग आधीच शोधून काढायचं. इथं मोठ्या यंत्रांची नावं घ्यायची रीत आहे, पण विदर्भाची जमीन यंत्रांना फारशी दाद देत नाही. जमिनीत रेडिओलहरी सोडून आतलं चित्र काढणारं ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार वाळूत उत्तम चालतं. ओल्या चिकणमातीतून मात्र वीज सहज वाहते, त्यामुळे काळ्या मातीत त्याच्या लहरी थोड्याच खोलीवर विरून जातात. मॅग्नेटोमीटर भाजलेली माती आणि लोखंडाचा मळ हुडकण्यात पटाईत, कारण भट्टीत तापून थंड झालेल्या मातीत पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची खूण राहते. नायकुंडला पेंच नदीकाठी 1978 ते 1980 च्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, तशा जागांसाठी हे यंत्र मोलाचं. पण आपला काळा पाषाण स्वतःच चुंबकीय. प्रत्येक गोटा यंत्रात गोंगाट करतो. त्यातल्या त्यात, विहिरीचं पाणी बघायला येणाऱ्यांकडे असते ती जमिनीचा विद्युतरोध मोजायची पद्धत इथं बरी चालते.

बरडावर सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचं साधन म्हणजे उन्हाळ्यात काढलेलं उपग्रहचित्र आणि पायी फिरणं. एप्रिल-मे महिन्यात गवत वाळून बसलं, की पंधरा मीटरचं वर्तुळ चांगल्या चित्रात उघड्या डोळ्यांनी ओळखू येतं. आणि जागेवर पोचल्यावर गुराख्याला विचारायचं, 'गोटे गोल मांडल्यावानी कुठं दिसतात भाऊ? मडक्याचे तुकडे कोणत्या वावरात निंघतात?' ज्या माणसानं तीस वर्षं त्याच माळावर गुरं चारली, त्याच्याइतका बारीक नकाशा कुणाकडे नसतो. प्रकल्पाचा अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराला मात्र तो कधी भेटत नाही, कारण सल्लागार गाडीतून उतरतो तो थेट ग्रामपंचायतीत.

वस्तीच्या जागांची गोष्ट वेगळी. जुन्या गावठाणाची किंवा गढीची माती आजूबाजूच्या काळ्या रानात फिकट, राखाडी दिसते. गावोगाव तिला पांढरी म्हणतात, आणि वावरात टाकायला ती पिढ्यान्पिढ्या गाड्या भरभरून नेली गेली. तिच्यात ताकद असते हे खरंच आहे. चुलीची राख, शेण, हाडं, माणसा-जनावरांची घाण शतकानुशतकं साचत राहते. त्यातलं फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटून बसतं आणि पावसानंही सहसा वाहून जात नाही. जे पिकाला खत, तेच अभ्यासकाला पुरावा. पिशवीभर नमुन्यांत फॉस्फेट मोजून वस्ती कुठं सुरू होत होती, गोठा बहुधा कुठं होता, याचा अंदाज घेता येतो. कास्तकाराला यात दोष देण्यात अर्थ नाही. त्याला हे कधी कुणी सांगितलंच नाही.

धरणांबद्दल थोडक्यात. पवनीला वैनगंगेकाठी 1969-70 मध्ये उत्खनन होऊन मोठे बौद्ध स्तूप उजेडात आले. त्याच तालुक्यात गोसेखुर्द धरणाची पायाभरणी 1988 ची, म्हणजे निदान उत्खनन आधी झालेलं होतं. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णाकाठच्या भोनची स्थिती जास्त अवघड. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथं विटांचा स्तूप आणि मातीच्या कड्यांच्या विहिरी मिळाल्या, आणि ही जागा जिगाव प्रकल्पाच्या पाण्यात जाणाऱ्या क्षेत्रातली. कृष्णेवरच्या नागार्जुनसागर धरणाच्या वेळी 1954 ते 1960 अशी सहा वर्षं नागार्जुनकोंड्याचं प्राचीन अवशेषांचं खोरं खणून काढलं, काही वास्तू उचलून टेकडीवर नेऊन उभ्या केल्या. ते करता आलं, कारण धरण एकच आणि जागा सगळ्यांना दिसणारी होती. मुरमाच्या शेकडो खदानींना असा कुणी धनी नसतो.

कायदा काय म्हणतो? केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. जुनापाणीला हे छत्र आहे. पण ज्या वर्तुळाची यादीत नोंदच नाही, त्याच्यापासून 100 मीटर मोजायचे कुठून? शिवाय पर्यावरण मंत्रालयाच्या 28 मार्च 2020 च्या अधिसूचनेनं रस्त्यासारख्या प्रकल्पांसाठी साधी माती काढायला पर्यावरण मंजुरीतून सूट दिली होती. सर्वोच्च न्यायालयानं 21 मार्च 2024 ला ती सूट रद्द केली. निकाल पर्यावरणाचा होता, वारशाचा नव्हे. तरी खणण्याआधी कुणीतरी ती जागा डोळ्यांनी बघावी, एवढी शक्यता त्यानं तेव्हा परत आणली. आणखी एक जुना कायदा आहे 1878 चा. त्यानुसार जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. आज दहा रुपयांत चहासुद्धा मिळेलच असं नाही. म्हणजे कायद्याचं बोट धरलं तर जवळपास प्रत्येक कुऱ्हाड कळवायला हवी.

उभ्या वास्तूंना वेगळा त्रास असतो, तो सुरुंगांचा. वर्धा खोऱ्यातल्या कोळसा पट्ट्यात भद्रावतीसारखं प्राचीन गाव आहे. खाणीतल्या स्फोटाची लहर जमिनीतून जाते तेव्हा मातीचा कण किती वेगानं हलतो, यावर धोका ठरतो. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या 1997 च्या निकषांत ऐतिहासिक वास्तूंसाठी ही मर्यादा कमी कंपनसंख्येला, म्हणजे सेकंदाला 8 आवर्तनांच्या खाली, फक्त 2 मिलिमीटर प्रतिसेकंद आहे. 25 आवर्तनांच्या वर ती 10 पर्यंत जाते. हळू हेलकावे जास्त घातक का? कारण इमारतीची स्वतःची डोलण्याची गतीही तशीच संथ असते. दोन्ही जुळल्या की धक्का वाढत जातो.

आणि मोजपट्टीत न बसणाऱ्या जागा आहेतच. गडचिरोली जिल्ह्यात एटापल्लीकडे सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे, आणि त्याच डोंगरावर माडिया आदिवासींचा ठाकूरदेव. भामरागड भागात माडिया आजही मृतांच्या स्मरणार्थ दगड उभे करतात. मेळघाटात कोरकू मृतांसाठी लाकडी मुंडे, म्हणजे स्मृतिखांब, कोरतात. गाव उठवताना मंदिराचा मोबदला ठरतो. डोंगरच देव असेल, तर रकान्यात काय लिहायचं? ओडिशातल्या नियमगिरी डोंगराच्या बाबतीत 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला.

शिळावर्तुळांचं उत्तर त्यामानानं स्वस्त आहे. खदान पन्नास मीटर सरकवली तर रस्त्याचं काही बिघडत नाही, कारण मुरूम पुढच्या टेपाडावरही तोच असतो. अडचण पैशांपेक्षा तारखांची. कामांचे आदेश मार्चअखेर घाईघाईनं निघतात आणि पावसाआधी मुरूम पडायला हवा, म्हणून एप्रिल-मे महिन्यात टिप्पर धावतात. बरडावरची वर्तुळं दिसतात तीही याच दोन महिन्यांत. पांढरीवरचे खापराचे तुकडे तर मृगाच्या पहिल्या सरींनी धुऊन निघाल्यावरच नीट दिसतात. म्हणजे पाहणी कामाच्या वर्षात करून उपयोग नाही. ती आदल्या उन्हाळ्यात आणि आदल्या जूनमध्ये व्हायला हवी, आणि सापडलेल्या जागांचे गट नंबर तलाठी नि ग्रामपंचायतीकडून खनिकर्म कार्यालयात आधीच पोचलेले हवेत, मुरमाच्या परवान्याचा अर्ज टेबलावर यायच्या अगोदर.