उघड्या टपाच्या जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीचे घरगुती पुनरुज्जीवन

कापडी टप मागे दुमडता येणारी दोन आसनी जुनी मोटार पूर्ण खोलून, कुजलेला पत्रा बदलून, इंजिन, ब्रेक आणि वायरिंग नव्याने करून ती मूळ रूपात पुन्हा चालती करण्याचे काम. सातारा-सांगली भागात ते बहुधा घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा जुन्या वाड्याच्या पडवीत चालते. मात्र सगळेच काम घरी होत नाही. गाडी खोलणे, भाग धुऊन त्यांना चिठ्ठ्या बांधणे आणि शेवटी जोडणी एवढे मालकाच्या हातचे असते. बोअरिंग, म्हणजे झिजलेले सिलिंडर कातून घेणे, लेथवाल्याकडे, टप आणि सीट कुशनवाल्याकडे, रंग पेंटरकडे. या चार-पाच कारागिरांच्या वेळा जुळवणे हीच मालकाची खरी कसरत.

आयातीवर कडक निर्बंध येण्याआधी देशात आलेल्या अशा गाड्यांत ब्रिटिश बनावटीच्या गाड्या ठळक आहेत. एमजी कंपनीची एमजीए (१९५५–६२) ही वेगळ्या चॅसीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेली. तिच्यानंतर १९६२ मध्ये आलेल्या एमजीबीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. एमजीबी १९८० पर्यंत निघत राहिली आणि बंद टपाची जीटी धरून पाच लाखांहून अधिक बनल्या. ट्रायम्फ स्पिटफायर हीसुद्धा १९६२ ते १९८० याच काळातली.

या भागात हे काम जमते त्याचे कारण जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, ती आज सांगली जिल्ह्यात आहे. साताऱ्यात १९२२ पासून कूपरचा कारखाना आहे, पुढे प्रिया स्कूटरही साताऱ्यातच बनू लागली. ओतकाम, लेथ आणि फिटिंग जाणणाऱ्या माणसांच्या पिढ्या त्यामुळे इथे तयार झाल्या. विलायतेहून बुश (फिरत्या भागाखालची धातूची नळी) मागवून दोन महिने वाट पाहण्यापेक्षा जुना नमुना दाखवून गनमेटलचा (तांब्या-कथलाच्या मिश्रधातूचा) बुश कातून घेणे इथे सोपे पडते, आणि तो वाईटही नसतो.

उघड्या गाडीचे खरे दुखणे दाराखाली असते. बंद गाडीत छत, खांब आणि तळ मिळून भार पेलतात. उघड्या गाडीला छतच नसल्याने पुढच्या आणि मागच्या चाकांमधला सगळा ताण तळावर आणि दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या खोक्यावर, म्हणजे सिलवर येतो. एमजीबीमध्ये या सिलला बाहेरचा पत्रा, मधला पडदा आणि खालची पट्टी असे थर असतात. पाणी आणि चिखल आत साठून ते आतून कुजतात, बाहेरून मात्र रंग चकचकीत दिसतो. लोहचुंबक फिरवला की लांबी (पुट्टी) भरलेली जागा लगेच कळते, तिथे तो चिकटत नाही. त्याहून खात्रीची परीक्षा म्हणजे गाडी बाजूने जॅकवर उचलून दार उघड-बंद करणे. दाराच्या वरच्या कडेची फट मिटू लागली, तर सांगाडा मधून वाकतो आहे असे समजावे. विकणारा हे करू देत नसेल, तर उत्तर मिळालेच.

कुजलेले सिल कापण्याआधी गाडी सपाट कोब्यावर, सस्पेन्शनच्या जागांखाली घोड्या (आधाराचे स्टँड) लावून उभी करतात. बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत दाराच्या पोकळीत लोखंडी अँगल ठोकून पक्का करतात. कर्णाची मापे घेऊन भिंतीवर खडूने लिहून ठेवतात. मग एकाच बाजूचे सिल काढायचे, दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही. नवा पत्रा आधी फक्त टाके मारून धरायचा, दार अडकवून फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते पाहायचे, आणि मगच पूर्ण वेल्डिंग. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा ओढला जातो, म्हणून सीओटू (कार्बन डायऑक्साइडच्या झोतात तारेने होणारे विजेचे) वेल्डिंग बरे. तेही सलग नव्हे, जागा बदलत थोडे थोडे. अँगल न लावता दोन्ही सिल एकदम कापली, तर बॉडी मधून खचते आणि त्यानंतर ती दारे कधीच नीट बसत नाहीत. कुजक्या पत्र्यावरच नवा पत्रा चिकटवून देणारे डेंटर सगळीकडे भेटतात. स्वस्त पडते, पण दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच.

गाडी कुठे उभी होती यावर पत्र्याची अवस्था ठरते. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तर जत-आटपाडीकडे ५०० च्या आसपास. जतच्या गोठ्यातली गाडी उन्हाने रबर आणि रेक्झिन गमावते, पण तिचा तळ शाबूत सापडतो. कृष्णाकाठची गोष्ट वेगळी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगलीच्या सखल भागांत पाणी शिरले. पुरात बुडालेल्या गाडीच्या पोकळ भागांत बारीक गाळ बसतो, तो ओल धरून ठेवतो. अशी गाडी स्वस्त मिळाली तरी सिल आणि तळ पूर्ण बदलायचा खर्च धरूनच घ्यावी.

इंजिनाच्या बाबतीत नशीब बरे आहे. एमजीएचे सुरुवातीचे १,४८९ सीसीचे इंजिन आणि आपल्या अ‍ॅम्बॅसडरचे तेवढ्याच सीसीचे पेट्रोल इंजिन ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) एकाच ‘बी-सीरिज’ घराण्यातली. एमजीबीचे १,७९८ सीसीचे इंजिन त्यांचा थोरला भाऊ. सगळे भाग अदलाबदल होतात असे नाही. पण अ‍ॅम्बॅसडरवर हात बसलेल्या जुन्या मिस्त्रीला टॅपेट, पुशरॉड, हेड फेसिंग नव्याने शिकवावे लागत नाही. पाने मात्र इंचाचे लागतात. मिलिमीटरचा पाना ‘जवळपास बसतो’ म्हणून लावला की नटाचे कोपरे गेलेच.

एमजीबीचे दोन एसयू बनावटीचे कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारे भाग) जुळवणे हा कानाचा खेळ आहे. दोघांमधला जोड सैल करून रबरी नळीचे एक टोक कानाशी, दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरतात आणि दोन्हींचा फुस्स आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवतात. मग आतला पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बसू लागले तर कमी, क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर बरोबर.

१९६७ पर्यंतच्या एमजीबीमध्ये डायनामो असतो आणि बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. हे न पाहता सवयीने, म्हणजे ऋण टोक बॉडीला जोडून, बॅटरी लावली किंवा नवा स्टिरिओ जोडला, तर धूर निघतो. वायरमनला हे पहिल्याच दिवशी सांगावे.

टपाचे काम शेवटी, आणि दारांच्या काचा बसल्यावरच. कुशनवाल्याला जुने फाटके कापडच नमुना म्हणून द्यावे, टाके उसवून. अंदाजाने कापलेला टप दुमडतो पण ताणून बसत नाही. कापड ऊन लागलेले असताना ताणावे, गारठ्यात ताणलेले पुढे उन्हात सैल पडते.

भारतात फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोल आहे. शिशाचा लेप नसल्याने जुन्या हेडमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात, म्हणून हेड उतरवलेच असेल तर कडक धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या मऊ पडून तडकतात, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढत असल्याने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. उसाच्या पट्ट्यात राहून इथेनॉलविरुद्ध बोलणे शोभत नाही. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालाव्यात आणि महिनोन्‌महिने टाकी भरून ठेवू नये.

रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ राहते आणि ती झाळताना स्फोट होतो, त्यामुळे टाकीचे काम घरी नकोच. जुन्या ब्रेक-शूंच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ती हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी.

कागदपत्रांसाठी २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची स्वतंत्र तरतूद झाली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेली, व्यापारी वापर नसलेली आणि चॅसी, बॉडी वा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. मुदत १० वर्षे. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्या नोंदणीला ‘व्हीए’ मालिकेतला मिळतो. डिझेल इंजिन घालून ‘अ‍ॅव्हरेज’ वाढवणाऱ्यांची गाडी या व्याख्येतून बाहेर पडते. शिवाय व्हिंटेज नोंदीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. कास पठाराला दर रविवारी फिरायला जायचे मनात असेल, तर कोणती नोंदणी ठेवायची हे सातारा, कराड किंवा सांगलीच्या आरटीओत गाडी खोलण्याआधीच विचारून घ्यावे.