होया दे सेरेन: राखेने जपलेलं शेतकऱ्यांचं गाव

मक्याचा दाणा भरला की धाट मध्यावर मोडून कणीस खाली लोंबतं ठेवायचं. पावसाचं पाणी कणसात शिरत नाही, कणीस शेतातच वाळतं आणि लागेल तसं खुडून आणता येतं. मध्य अमेरिकेतले शेतकरी आजही हे करतात. एल साल्वादोरमधल्या होया दे सेरेन इथे अशी मोडलेली धाटं ओळीने उभी सापडली, आणि ती सुमारे १४०० वर्षांपूर्वी कुणीतरी हाताने मोडलेली होती.

सेरेन हे माया या मध्य अमेरिकेतल्या प्राचीन संस्कृतीच्या जगातलं दक्षिण टोकाचं खेडं. साधारण दोनशे माणसांची वस्ती असावी. जवळच लोमा काल्देराचा ज्वालामुखी फुटला आणि सगळं गाव चार ते सहा मीटर राखेखाली गेलं. त्याच शतकात, दूर उत्तरेला पालेंके नगरात पकाल राज्य करत होता. तो ६१५ साली गादीवर आला आणि ६८३ साली वारला, हे आपल्याला ठाऊक आहे, कारण ते दगडात कोरून ठेवलेलं आहे. माया राजांची लग्नं, लढाया, राज्याभिषेक असे कोरीव लेखांतून वाचता येतात. त्या राजांना पोसणाऱ्या शेतकऱ्याचं मात्र काहीच उरत नाही. दमट उष्ण हवेत लाकूड, गवत, दोर, धान्य काही वर्षांत कुजून जातं. पुरातत्त्वज्ञाच्या हाती लागतो तो मातीचा एक बुटका उंचवटा, थोडी खापरं आणि दगडाच्या चिपा. तेवढ्यावरून शेतकरी कसा राहत होता हे ठरवायचं म्हटलं की तो गरीबच वाटणार.

सेरेनची राख वेगळी पडली. वर येणारा तप्त शिलारस पाण्याला भिडला की वाफेचा स्फोट होतो आणि ओली, बारीक राख जमिनीलगत जोराने पसरते. पाणी कमी पडलं की कोरडी, जाड राख आणि तापलेले दगड बरसतात. हे आळीपाळीने होत राहिलं आणि एकावर एक असे चौदा थर साचले. पहिला थर ओल्या, बारीक राखेचा होता. तो पानापानाला, देठादेठाला लिंपून बसला. आतली वनस्पती पुढे कुजून गेली, पण तिच्या आकाराची पोकळी तशीच राहिली. खणताना अशी पोकळी लागली की संशोधक तिच्यात दाताचे डॉक्टर वापरतात ते प्लास्टर ओततात. ते घट्ट झालं की भोवतीची राख हलकेच काढायची, आणि मिरचीचं झुडूप किंवा मक्याचं कणीस समोर उभं राहतं.

हे गाव सापडलं ते १९७६ साली, सरकारी धान्याच्या कोठारांसाठी बुलडोझरने जमीन सपाट करताना. घरं इतकी सुस्थितीत होती की पाहणीला आलेल्या जाणकाराला ती अलीकडचीच वाटली. काम पुढे चालू राहिलं आणि काही इमारती कायमच्या गेल्या. कोलोरॅडो विद्यापीठाचे पेसन शीट्स १९७८ साली तिथे पोचले. छपराच्या गवताचं कार्बन-१४ पद्धतीने वय काढल्यावर ते कित्येक शतकं जुनं निघालं. पुढे यादवी युद्धामुळे उत्खनन बरीच वर्षं थांबलं. १९९३ साली सेरेन जागतिक वारसा यादीत आलं.

या घरांविषयी वाचताना मला परक्या देशात आहोत असं वाटतच नाही. भिंती आपल्या कोकणातल्या कुडासारख्या: काठ्यांचा सांगाडा आणि त्यावर मातीचा लेप. वर शाकारलेलं छप्पर. एका कुटुंबाचं एकच घर नाही. झोपायची खोली वेगळी, कोठार वेगळं, स्वयंपाकघर वेगळं. स्वयंपाकघरात तीन दगडांची चूल. मका वाटायचा पाटा दुबेळक्यांच्या खुंटांवर बसवलेला, म्हणजे उभं राहून वाटता यावं. भांडी दोराने आढ्याला टांगलेली, शिंक्यासारखी. मिरच्यांच्या माळा लटकलेल्या. काळ्या ज्वालामुखी काचेची धारदार पाती पोरांच्या हाती लागू नयेत अशी उंच छपराच्या गवतात खोचलेली. कोठारात एक बदक दोरीने बांधलेलं होतं, आणि उंदीरही होते.

एकाच कुटुंबाकडे सत्तरहून जास्त मातीची भांडी निघाली, त्यांत रंगीत नक्षीचीही बरीच. नक्षीची भांडी बाहेरून आलेली, काचेची पाती दुरून, हिरव्या जेडची कुऱ्हाड आणखी दुरून. म्हणजे ही माणसं घरात पिकलेलं, केलेलं बाजारात देऊन हव्या त्या वस्तू आणत होती. एका घराजवळ घायपाताची बाग होती; तिच्या वाखाचे दोर बहुधा साऱ्या गावाला पुरत. दुसरीकडे मातीच्या घुमटाचं, आत आग पेटवून घाम काढायचं स्नानगृह, त्यात डझनभर माणसं बसतील एवढी जागा.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २००७ साली सापडलेला कसावाचा मळा. ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो, तोच हा कंद. मका, घेवडा, भोपळा यांवर एवढी दाट माया वस्ती जगली कशी, हा प्रश्न जुना आहे आणि कसावाचं नाव त्यात फार पूर्वीपासून घेतलं जात होतं. पण कंद मागे खूण ठेवत नाही. सेरेनमध्ये अख्खे वरंबेच मिळाले. काढणी नुकतीच झाली होती आणि पुढच्या पिकासाठी खोडाचे तुकडे वरंब्यांत आडवे पुरले होते. शेजारच्या तुकड्यातले वरंबे वेगळ्या मापाचे. प्रत्येकाने आपलं शेत आपल्या पद्धतीने केलं होतं. वरून कुणी साचा घालून दिल्याची खूण नाही.

स्फोट झाला तो संध्याकाळी असावा. जेवणं उरकलेली, भांडी धुवायची राहिलेली, काही भांड्यांत अन्न बोटांनी पुसून घेतल्याच्या रेघा तशाच. झोपायच्या चटया अजून गुंडाळून वर ठेवलेल्या. आतापर्यंत डझनभर इमारती उकरून झाल्या, पण एकाही माणसाचं प्रेत राखेत सापडलेलं नाही. गावातून दक्षिणेकडे पांढऱ्या राखेचा, चोपून बांधलेला रस्ता जातो. २०११ साली तो उघडा झाला. त्यावर पावलांचे ठसे आहेत, आणि बोटं दक्षिणेकडे, ज्वालामुखीपासून दूर वळलेली आहेत.