एडिस डासांचे सर्वेक्षण व विषाणू तपासणी

डेंगी, चिकुनगुनिया आणि झिका पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची वस्तीतील घनता मोजणे व त्याच्या अंगी विषाणू आहे का ते पाहणे. महाराष्ट्रात घरोघरच्या या पाहणीला कंटेनर सर्वेक्षण म्हणतात.

रांजण, बॅरल, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, टायर असे पाणी असलेले प्रत्येक भांडे टॉर्चने तपासतात. सावली पडताच अळ्या तळाशी जातात, म्हणून मिनिटभर थांबून पुन्हा पाहावे लागते. घाईच्या पाहणीत अळ्यांनी भरलेला बॅरलही ‘निरंक’ नोंदला जातो. छोट्या भांड्यातले पाणी पांढऱ्या ट्रेमध्ये ओततात. समजा, 100 घरांतील 400 भांडी पाहिली आणि 12 घरांतील 18 भांड्यांत अळ्या सापडल्या, तर घर निर्देशांक (अळ्या सापडलेल्या घरांची टक्केवारी) 12, कंटेनर निर्देशांक (अळ्या सापडलेल्या भांड्यांची टक्केवारी) 4.5 आणि दर 100 घरांमागे अळ्या असलेली भांडी मोजणारा ब्रेटो निर्देशांक 18 येतो. पाणीटंचाईत लोक जास्त भांडी भरतात, त्यामुळे अळ्यांची भांडी तेवढीच राहूनही कंटेनर निर्देशांक घसरतो. तिन्हींत ब्रेटो अधिक उपयोगी. तरी चमचाभर पाण्याची वाटी आणि 200 लिटरचा बॅरल त्यात सारखेच मोजले जातात. म्हणून कोषांची, म्हणजे अळी आणि डास यांमधल्या अवस्थेची, वेगळी मोजणी करावी. प्रौढ डास किती निघतील याचा अंदाज त्यावरून जास्त चांगला येतो. कुलूपबंद घरे सोडून दिली, तर सगळेच आकडे फसवे ठरतात.

एडिस दिवसा चावतो. पलंगाखाली, लटकवलेल्या कपड्यांमागे दडलेले प्रौढ डास शोषनळीने पकडतात. जात, लिंग आणि ठिकाण यांनुसार साधारण 25 पर्यंत डासांचे गट करून ते उणे 80 अंशांवर ठेवतात व आरटी-पीसीआर चाचणी करतात. वाहतुकीत थंडावा तुटला की विषाणूचा आरएनए (जनुकीय द्रव्य) नष्ट होतो आणि दूषित गटही निर्दोष दिसतो. रक्त प्यालेल्या माद्या वेगळ्या ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण सापडलेला विषाणू डासाने प्यालेल्या, रुग्णाच्या रक्तातलाही असू शकतो. 1000 डासांच्या 40 गटांपैकी 2 दूषित निघाले, तर ‘किमान संसर्ग दर’ हजार डासांमागे 2 येतो. ‘किमान’ अशासाठी, की दूषित गटात एकच डास बाधित होता असे धरलेले असते.

जुलै 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे राज्यातील पहिला झिका रुग्ण आढळला. त्याचे निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत झाले. अशा वेळी डासांच्या अहवालासाठी थांबू नये. अंड्यापासून डास व्हायला उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे भांडी दर आठवड्याला रिकामी करून, घासून कोरडी करावीत. नुसते पाणी ओतले तर भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरताच फुटतात.