ट्रॅफल्गार चौकातील नाताळवृक्ष

नॉर्वेची राजधानी ऑस्लो हिच्याकडून लंडनच्या जनतेला दरवर्षी भेट म्हणून मिळणारा आणि डिसेंबरात ट्रॅफल्गार चौकात उभारला जाणारा स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष. ही प्रथा १९४७ पासून चालू आहे.

एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले. जूनमध्ये राजे सातवे हाकोन आणि त्यांचे मंत्रिमंडळ ब्रिटनच्या आश्रयाला गेले व युद्ध संपेपर्यंत नॉर्वेचे सरकार लंडनमधूनच चालले. मायदेशी जर्मनांनी लोकांचे रेडिओ जप्त केले, तरी लपवून ठेवलेल्या संचांवर बीबीसीच्या नॉर्वेजियन बातम्या ऐकल्या जात. या आधाराची जाण म्हणून हे झाड येते. पायथ्याच्या फलकावरही १९४० ते १९४५ या काळातील मदतीबद्दलची कृतज्ञता नोंदवलेली आहे.

हे झाड बागेत किंवा शेतात वाढवलेले नसते. ऑस्लोभोवतीच्या जंगलात वनकर्मचारी ते हेरतात, पुष्कळदा तोडीच्या कित्येक वर्षे आधी. नॉर्वे स्प्रूस दाट रानात वाढला की उजेड न मिळालेल्या बाजूच्या फांद्या विरळ राहतात. म्हणून निवडलेल्या झाडाच्या आजूबाजूची झाडे काढून त्याला चहूकडून ऊन मिळेल असे पाहतात. वनकर्मचारी त्याला प्रेमाने ‘वनराणी’ म्हणतात. तोडीच्या वेळी ते साधारण पन्नास-साठ वर्षांचे, कधी त्याहूनही जुने, आणि वीस मीटरहून उंच असते.

तोड नोव्हेंबरात होते. ऑस्लोचे महापौर, ट्रॅफल्गार चौक ज्या भागात येतो त्या लंडनमधील वेस्टमिन्स्टरचे लॉर्ड मेयर आणि ब्रिटिश राजदूत त्या वेळी जंगलात हजर असतात आणि करवतीला मानाचा हात लावतात. बाकीचे काम जाणकारांचे. एवढे झाड आपटले तर फांद्या मोडतील, शेंडाही जाईल. म्हणून ते आधी क्रेनला बांधतात, मग बुंधा कापतात आणि उचलून अलगद ट्रेलरवर आडवे करतात. फांद्या खोडाशी आवळून बांधल्या जातात. पुढे जहाजाने उत्तर समुद्र ओलांडायचा आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावरून पुन्हा रस्त्याने लंडन गाठायचे. प्रवासात दबलेल्या फांद्या लगेच पूर्ववत होत नाहीत, त्यांना सैल व्हायला काही दिवस लागतात.

चौकात झाड पुन्हा क्रेनने उभे करतात. बुंधा सुमारे चार फूट खोल खड्ड्यात उतरवून चारी बाजूंनी लाकडी पाचरी ठोकतात. सजावट नॉर्वेच्या रिवाजाप्रमाणे साधी असते: शेंड्यापासून खालपर्यंत सरळ उभ्या सोडलेल्या पांढऱ्या दिव्यांच्या माळा. लाल-सोनेरी गोळे, रंगीत फिती काही नाही. डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी दिवे लागतात, नंतर महिनाभर त्याखाली नाताळची भक्तिगीते गायली जातात. २००९ पासून झाडाभोवती कविताही झळकतात. ६ जानेवारीच्या सुमारास झाड उतरवून त्याचा भुसा करतात आणि तो मातीवर आच्छादन म्हणून वापरतात.

झाडाला विरोधही सोसावा लागला आहे. १९९० मध्ये एकाने त्यावर यांत्रिक करवत चालवली, पण ते पडले नाही. २०२१ मध्ये ते फारच विरळ असल्याची टीका समाजमाध्यमांवर झाली. ही टीका सजावटीच्या झाडांच्या मापाने केलेली आहे. बाजारातली गुबगुबीत झाडे छाटून, आकार देऊन तयार केलेली असतात; हे रानातून आलेले आहे आणि त्याच्या अंगावर त्या रानाच्या खुणा असणारच. शिवाय ऋण मानून आलेल्या भेटीत फांद्या मोजू नयेत.

उपकाराच्या स्मरणार्थ झाड पाठवण्याचे दुसरे ठळक उदाहरण अटलांटिकपलीकडचे आहे. १९१७ मध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील हॅलिफॅक्स बंदरात झालेल्या भीषण स्फोटानंतर अमेरिकेतील बोस्टन शहराने तातडीने मदत धाडली होती. त्या आठवणीसाठी नोव्हा स्कोशिया १९७१ पासून दरवर्षी बोस्टनला नाताळवृक्ष पाठवतो.