जर्मनीतील जुन्या घराचे इन्सुलेशन: अनुदान आणि करसवलत यांत नेमका फरक कोणता

घरातील उष्णता बाहेर जाऊ नये यासाठीचा जर्मनीतील पहिला सर्वसाधारण नियम १ नोव्हेंबर १९७७ रोजी अमलात आला. त्यापूर्वी बांधलेले आणि पुढे फारसे दुरुस्त न झालेले घर जो विकत घेतो, त्याच्या वाट्याला इन्सुलेशन नसलेल्या भिंती, उघडा माळा आणि पायांना गार लागणारी तळघरावरची जमीन येते. अशा वेळी आधीपासून तेथे राहणारी मंडळी त्याला धीर देताना म्हणतात, ‘‘काळजी नको, सरकार वीस टक्के देते.’’ हे विधान खोटे नाही, पण ते अर्धवट आहे आणि त्या अर्धवटपणामुळे अनेकांचे पैसे बुडतात. सरकार वीस टक्के देते ते दोन अगदी वेगळ्या मार्गांनी: एक मार्ग बाफा या सरकारी कार्यालयाच्या अनुदानाचा आहे आणि दुसरा फिनान्त्सआम्ट, म्हणजे कर कार्यालयाच्या सवलतीचा. दोघांनाही बोलताना ‘फ्योर्डरुंग’ (म्हणजे प्रोत्साहनपर मदत) हा एकच शब्द वापरला जातो, दोघांच्या तांत्रिक अटी जवळपास सारख्या आहेत आणि टक्केवारीही जुळते. एकाच कामासाठी मात्र दोन्ही घेता येत नाहीत.

आधी खर्चाविषयी थोडे. वापरात नसलेल्या माळ्याच्या जमिनीवर इन्सुलेशन पसरणे हे सर्वांत स्वस्त काम असते, कारण त्यासाठी ना परांची बांधावी लागते ना गिलावा करावा लागतो. तळघराच्या छताला खालून इन्सुलेशनचे बोर्ड चिकटवणे हेही त्याच पंगतीतले काम आहे. बाहेरच्या भिंतींचे काम सर्वांत महाग पडते आणि तेथे इन्सुलेशनच्या मालापेक्षा परांची, गिलावा, रंग, खिडक्यांचे कठडे आणि पावसाच्या नळ्या पुन्हा बसवणे यांवरच मोठी रक्कम खर्च होते. म्हणून जाणकार सांगतात की भिंतींचा गिलावा किंवा छपराची कौले तशीही बदलायची झाली असतील तेव्हाच इन्सुलेशनही करून घ्यावे, म्हणजे परांचीचा खर्च दोनदा होत नाही. इन्सुलेशनसाठी अपरिहार्य असलेली ही आनुषंगिक कामे दोन्ही मार्गांत पात्र खर्चात धरली जातात. पुष्कळ लोक केवळ मालाचे बिल हाताशी धरून हिशोब करतात आणि मिळणारी मदत कमी समजतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

दुसरी समान गोष्ट म्हणजे यू-मूल्य, म्हणजेच भिंतीतून किंवा छपरातून किती उष्णता निसटते याचे माप. इमारतींच्या ऊर्जाविषयक कायद्यानुसार बाहेरच्या भिंतीचे नव्याने काम करताना ०.२४ हे मूल्य पुरते, पण अनुदान किंवा करसवलत हवी असेल तर भिंत ०.२० पर्यंत आणि छप्पर किंवा वरच्या मजल्याचे छत ०.१४ पर्यंत आणावे लागते. शिवाय एक किंवा दोन कुटुंबांच्या जुन्या घराच्या नव्या मालकाने, माळ्याखालचे छत किमान दर्जाचे नसल्यास, ताबा मिळाल्यापासून दोन वर्षांत ते ०.२४ पर्यंत आणणे सामान्यतः कायद्याने बंधनकारक आहे. कायद्यापुरते काम करणाऱ्याला मदत शून्य आणि त्याच छतावर साधारण १० सेंटिमीटर अधिक जाडीचा थर टाकणाऱ्याला मदत पूर्ण, अशी ही गंमत आहे. मजुरी जवळजवळ तेवढीच लागत असल्यामुळे हा जादा थर टाळण्यात कोणतेही शहाणपण दिसत नाही. दुहेरी भिंतीच्या मधल्या पोकळीत इन्सुलेशन भरण्याच्या कामाला मात्र यू-मूल्याची अट नाही, कारण पोकळी जेवढी असेल तेवढाच माल तीत मावतो. तेथे मालाची उष्णतावाहकता ०.०३५ पेक्षा जास्त नसावी एवढेच पाहिले जाते.

आता फरकाकडे वळू. बाफाचे अनुदान हे कामापूर्वी मागायचे असते. ऊर्जा तज्ज्ञाची नेमणूक अनिवार्य असते, तो कामाचे तांत्रिक वर्णन तयार करतो आणि ते जोडून अर्ज केला जातो. २०२४ पासूनच्या नियमावलीत अर्जापूर्वी कंत्राटदाराशी करार झालेला असावा लागतो, पण त्या करारात ‘अनुदान मंजूर झाले तरच हा करार लागू होईल’ किंवा ‘मंजूर न झाल्यास तो रद्द होईल’ अशा अर्थाचे कलम असणे आवश्यक असते. हे कलम नसलेल्या करारावर सही झाली की काम सुरू झाले असे मानले जाते आणि भिंतीला कोणी हात लावलेला नसला तरी अनुदानाचा हक्क जातो. सल्ला आणि आराखडा यांना ही आडकाठी नाही, ते आधी करून घेता येतात.

करसवलतीचा क्रम नेमका उलटा आहे. आयकर कायद्याच्या कलम ३५सी नुसार मिळणारी ही सवलत २०२० पासून लागू असून ती २०३० पूर्वी पूर्ण होणाऱ्या कामांसाठी आहे. तिच्यासाठी आधी कोणाचीही परवानगी घ्यावी लागत नाही. काम पूर्ण करायचे, बिलाचे पैसे बँकेतून भरायचे, काम करणाऱ्या व्यावसायिकाकडून ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र घ्यायचे आणि ते वार्षिक विवरणपत्रासोबत सादर करायचे, एवढाच हा व्यवहार आहे. साहजिकच घाईने करार करून बसलेल्या माणसासाठी अनुदानाचे दार बंद झाल्यावरही हे दार उघडे असते, आणि माझ्या मते या दोन गोष्टींतील सर्वांत महत्त्वाचा फरक टक्केवारीचा नसून या क्रमाचा आहे.

टक्केवारीतही बारकावे आहेत. भिंती, छप्पर, खिडक्या यांसारख्या कामांसाठी अनुदानाचा मूळ दर १५ टक्के आहे. घराच्या टप्प्याटप्प्याने करायच्या नूतनीकरणाचा ‘झानीरुंग्सफारप्लान’ नावाचा अधिकृत आराखडा आधी करून घेतला असेल आणि काम त्यानुसार होत असेल, तर त्यात ५ टक्क्यांची भर पडते. लोक ज्याला सरसकट वीस टक्के म्हणतात ते हे. या आराखड्याचे आणखी मोठे मोल दुसरीकडेच आहे: त्याच्याशिवाय एका निवासी घटकामागे एका कॅलेंडर वर्षात ३०,००० युरोपर्यंतचा खर्च पात्र धरला जातो, त्याच्यासह ही मर्यादा ६०,००० युरो होते. करसवलतीत आराखडा लागत नाही. खर्चाच्या २० टक्के रक्कम तीन वर्षांत विभागून, म्हणजे ७, ७ आणि ६ टक्के अशी, भरायच्या आयकरातून वजा होते आणि एका घरामागे एकूण ४०,००० युरोंपर्यंत ती मिळू शकते.

हे आकडे प्रत्यक्षात कसे वागतात ते पाहण्यासाठी समजा छपराच्या कामाला ३०,००० युरो लागले. आराखड्याशिवाय अनुदान ४,५०० युरो, आराखड्यासह ६,००० युरो आणि करसवलतही ६,००० युरोच, पण २,१००, २,१०० आणि १,८०० अशा तीन हप्त्यांत. येथे अनुदान सरस वाटते, कारण पैसे काम संपल्यावर एकदम मिळतात. आता समजा एकाच वर्षात भिंती आणि छप्पर मिळून खर्च ८०,००० युरोंवर गेला. आराखड्याशिवाय अनुदान तेच ४,५०० राहते, आराखड्यासह ते १२,००० होते, तर करसवलत १६,००० युरोंपर्यंत जाते. अर्थात अनुदान घेणाऱ्याने काम दोन कॅलेंडर वर्षांत विभागून अर्ज केले तर मर्यादा पुन्हा नव्याने मिळते, पण परांची एकदाच बांधायची असताना अशी विभागणी दर वेळी परवडेलच असे नाही.

करसवलतीची खरी मर्यादा घरमालकाच्या करातच दडलेली आहे. ही रक्कम त्या वर्षी देय असलेल्या आयकरातून वजा होते. कर तेवढा नसेल तर उरलेली सवलत पुढच्या वर्षी नेता येत नाही आणि रोखीनेही मिळत नाही. वरच्या ३०,००० युरोंच्या उदाहरणातील मालक निवृत्त असेल आणि त्याला वर्षाला केवळ १,५०० युरो आयकर लागत असेल, तर तीन वर्षांत त्याच्या पदरात ६,००० ऐवजी ४,५०० युरोच पडतील, म्हणजे आराखड्याशिवायच्या अनुदानाएवढेच, तेही तीन वर्षे थांबून. उलट चांगल्या पगारावर कर भरणाऱ्याला हा अडथळा सहसा जाणवत नाही. अनुदानाचा मात्र कराशी काहीच संबंध नाही.

आपल्यापैकी जे काही वर्षांनी भारतात परतण्याचा विचार मनात ठेवून असतात, त्यांनी आणखी एका अटीकडे लक्ष द्यावे. करसवलत केवळ स्वतः राहत्या घराला मिळते आणि ही अट तिन्ही वर्षांपैकी प्रत्येक वर्षी पूर्ण व्हावी लागते. पहिल्या हप्त्यानंतर घर भाड्याने देऊन निघून गेल्यास पुढचे हप्ते हातचे जातात. अनुदान भाड्याने दिलेल्या घरालाही मिळते. घराच्या वयाची अटही दोन्हीकडे वेगळी आहे, अनुदानाला किमान पाच वर्षे आणि करसवलतीला दहा वर्षांपेक्षा जास्त, पण जुन्या घरांच्या बाबतीत तिचा प्रश्न येत नाही.

सुट्टीच्या दिवशी स्वतःच माळ्यावर चढून इन्सुलेशन टाकणाऱ्यांसाठीही दोन मार्ग सारखे नाहीत. काम नीट झाल्याचे तज्ज्ञाने प्रमाणित केल्यास अनुदानात मालाचा खर्च धरला जातो, स्वतःच्या श्रमाचा अर्थातच नाही. करसवलतीत काम व्यावसायिकानेच केलेले असावे लागते, त्यामुळे हौशी कारागिराला तेथे काही मिळत नाही. तज्ज्ञाच्या शुल्काबाबत दोन्हीकडे साधारण सारखीच उदारता आहे: ठरलेल्या मर्यादेत अनुदानातही ५० टक्के परत मिळतात आणि करातही ५० टक्के वजा होतात.

करसवलत घेणाऱ्याने वर्षअखेरीकडे लक्ष ठेवावे. सर्वोच्च वित्तीय न्यायालयाने १३ ऑगस्ट २०२४ च्या निर्णयात स्पष्ट केले की बिलाची संपूर्ण रक्कम चुकती होईपर्यंत ही सवलत सुरू होत नाही. त्या प्रकरणात मालकाने नव्या हीटिंगचे बिल मासिक हप्त्यांनी फेडायचे ठरवले होते आणि पहिल्याच वर्षी सवलत मागितली होती, ती त्याला मिळाली नाही. इन्सुलेशनच्या कामालाही हेच लागू पडते, म्हणून कंत्राटदाराशी दीर्घ हप्त्यांची बोलणी करताना सवलतीचे पहिले वर्षही तेवढेच पुढे ढकलले जाणार हे गृहीत धरावे.

‘दोन्ही घेता येत नाहीत’ ही मनाई एकाच कामापुरती आहे, संपूर्ण घरापुरती नाही. माळ्याचे काम स्वतः करून त्याच्या मालासाठी अनुदान मागितले आणि भिंतींचे मोठे काम व्यावसायिकाकडून करून त्यावर करसवलत घेतली, तर त्यात नियमभंग नाही. मात्र कारागिराने दोन्ही कामांचे साहित्य आणि परांची एकाच बिलात गुंडाळून दिले, तर कोणता खर्च कोठे दाखवायचा यावरून कटकट होते, तेव्हा दोन कामे, दोन करार आणि दोन स्वतंत्र बिले हे पहिल्याच भेटीत त्याच्याशी ठरवून घ्यावे.